लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीचा क्लच: किती टिकेल, कसा तपासायचा, कधी उतरवायचा

एकाच महिन्यात शोरूममधून निघालेल्या दोन डिझेल हॅचबॅक धरा. दोघींच्या मीटरवर १,४०,००० किमी. पहिली कंपनीच्या कामानिमित्त पुणे-संभाजीनगर-नागपूर अशी हायवेवर पळालेली. तिची क्लचप्लेट अजून मूळचीच आहे आणि आणखी ४०-५० हजार किमी काढेल. दुसरी रोज सिंहगड रोडवरून हिंजवडीला गेलेली. तिची दुसरी प्लेटही आता अखेरच्या घटका मोजते आहे. मीटर सारखंच, क्लच मात्र वेगळे.

तरी ढोबळ अंदाज हवाच असेल तर असा: मुंबई-पुण्याच्या गर्दीत रोज चालणारी गाडी ५० ते ८० हजार किमी, शहर आणि हायवे मिळून चालणारी ८० हजार ते सव्वा लाख, आणि बहुतांश हायवेवरची दीड ते दोन लाख. पायाखाली सतत अर्धा क्लच (पेडल अर्धवट दाबलेलं) ठेवणाऱ्याच्या हातात हीच प्लेट ३० हजारांतही संपते. नवशिक्याने गाडी शिकताना एका पावसाळ्यात प्लेट घालवणं यात नवल काही नाही.

नेमकं झिजतं काय

क्लचचे मुख्य भाग तीन. फ्लायव्हील (इंजिनासोबत फिरणारं जड चाक) आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबून धरलेली क्लचप्लेट, तिला दाबणारी प्रेशर प्लेट, आणि पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटच्या बोटांवर रेटणारं रिलीज बेअरिंग. प्लेटवर दोन्ही बाजूंनी लायनिंग, म्हणजे पकड घेणारा थर, रिव्हेटने बसवलेलं असतं. नवी प्लेट साधारण ८ मिमी जाडीची असते, पण त्यातली वापरता येणारी जाडी फारच थोडी. रिव्हेटचं डोकं लायनिंगच्या पृष्ठभागाखाली प्रत्येक बाजूला सव्वा मिमीच्या आसपास बुडालेलं असतं. दोन्ही बाजू मिळून अडीच मिमी, एवढ्यावर अख्खा लाखभर किलोमीटरचा संसार. डोक्यावर ०.३ ते ०.५ मिमी उरलं की प्लेट बाद समजावी. त्यापुढे रिव्हेट फ्लायव्हीलला घासतात आणि त्यावर रेकॉर्डसारख्या गोल चरा पाडतात. मग खर्च प्लेटपुरता राहत नाही.

प्लेट झिजते ती फक्त घसरताना. पेडल पूर्ण सोडलेलं असताना फ्लायव्हील, प्लेट आणि प्रेशर प्लेट एकत्र फिरतात, काहीच घासत नाही. म्हणून पाचव्यात १०० च्या वेगाने केलेले ७०० किमी क्लचच्या दृष्टीने जवळपास फुकट. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाची पूर्ण लांबी ७०१ किमी आहे आणि त्यावर सिग्नल एकही नाही. चहा, डिझेल आणि टोल धरूनही उभ्या गाडीतून पंधरा-वीस वेळा निघावं लागेल. तेवढ्याच सुरुवाती संध्याकाळी सातला सायन-पनवेल रस्त्यावर एका सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत होतात.

उष्णतेचा हिशोब

सपाटीवर गाडी उचलताना क्लचमध्ये किती उष्णता तयार होते याचं गणित सोपं आहे: प्लेट पूर्ण पकडेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. माणसांसकट १,२०० किलोची गाडी धरा. पहिल्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वेग साधारण ताशी ११ किमी. क्लच तिथे पकडला तर सुमारे साडेपाच किलोज्यूल. तोच माणूस अ‍ॅक्सिलरेटर देऊन २,५०० वर क्लच सोडत असेल तर वेग जवळपास १८ आणि उष्णता साडेपंधरा किलोज्यूल. आरपीएम पावणेदोनपटही नाही, उष्णता मात्र पावणेतीनपट.

आता घाट. दहा मीटरला एक मीटर उंची गाठणाऱ्या चढावर हीच गाडी ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर रोखून धरली, तर १,२०० आरपीएमला क्लचमध्ये जवळपास ३ किलोवॅट उष्णता ओतली जाते. बाथरूममधला इन्स्टंट गिझर तेवढाच असतो. तो गिझर एका थाळीएवढ्या चकतीवर अर्धा मिनिट चालवा: पंधरा वेळा गाडी उचलण्याइतकी झीज एका थांब्यात. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या चढावर ट्रकच्या मागे सरकणारी गाडी असे थांबे चाळीस-पन्नास घेते. लायनिंगचं तापमान २५०-३०० अंशांच्या पुढे गेलं की पकड कमी होते, पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो आणि जळक्या ब्रेकलायनरचा तो ओळखीचा वास गाडीत शिरतो.

एकदा वास आला म्हणजे प्लेट गेली असं नाही. गाडी बाजूला घ्या, अर्धा तास थंड होऊ द्या. दुसऱ्या दिवशी खालच्या चाचणीत घसरत नसेल तर अजून आयुष्य आहे. वास वारंवार येत असेल तर मात्र दोष रस्त्याचा नसून पायाचा आहे.

१.३ डिझेलवाल्यांसाठी खास

स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो: महाराष्ट्रात १,२४८ सीसीच्या या डिझेल इंजिनाच्या गाड्या अक्षरशः गावोगावी आहेत. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले तेव्हा हे इंजिन बाजारातून गेलं, त्यामुळे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक गाडी जुनीच आहे आणि बहुतेकींनी लाख ओलांडलेला आहे. मारुतीच्या गाड्यांत ७५ पीएसच्या इंजिनाचा १९० न्यूटनमीटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) २,००० आरपीएमला मिळतो. त्याच्या बऱ्याच खाली टर्बो झोपलेला असतो, गाडी ओढत नाही, म्हणून गर्दीत ड्रायव्हर नकळत क्लच अर्धा दाबून आरपीएम वर काढतो. टर्बो जागा झाला की अचानक सगळा टॉर्क अर्धवट पकडलेल्या प्लेटवर येतो. या इंजिनांच्या प्लेटा लवकर जातात त्याचं मोठं कारण हे. उपाय: दुसऱ्यात रेंगाळणारी गाडी क्लचने ओढण्यापेक्षा सरळ पहिला टाका. पहिला गिअर फक्त सुरुवातीपुरता आहे हा समज सोडून द्यावा.

सीएनजीवाल्यांचीही गोष्ट याच वळणाची. वॅगनआर १.० पेट्रोलवर ८९ न्यूटनमीटर देते, सीएनजीवर ८२. वर मागच्या सिलिंडरचं वजन. त्यात कुटुंब आणि सामान घेऊन कसारा घाट चढायचा असेल तर घाट सुरू होण्याआधी पेट्रोलवर टाका. गॅसवर वाचणाऱ्या पैशांपेक्षा प्लेट महाग आहे.

वीस मिनिटांची तपासणी

जुनी गाडी विकत घेताना असो की स्वतःच्या गाडीबद्दल शंका असो, पुढची तपासणी याच क्रमाने करावी. आधी गाडी किमान १० किमी चालवून गरम करा. थंड प्लेट खोटं बोलते.

पहिली, पकडीची चाचणी. मोकळा सपाट रस्ता. छोट्या पेट्रोल गाडीत तिसरा, टर्बो डिझेलमध्ये चौथा गिअर. पेट्रोलमध्ये २,०००, डिझेलमध्ये १,५०० आरपीएमवर गाडी स्थिर करा आणि अ‍ॅक्सिलरेटर तळाशी दाबा. काटा वेगाच्या बरोबरीने सावकाश चढला तर ठीक. काटा एकदम उडाला आणि वेग मागेच राहिला तर क्लच स्लिप मारतोय. डिझेलमध्ये ही घसरण नेमकी १,८०० ते २,५०० च्या पट्ट्यात पहिल्यांदा दिसते, कारण टॉर्क तिथे सर्वात जास्त. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ही गाडी महिनाभर निरोगी वाटू शकते.

सुरुवातीची घसरण कानाला कळत नाही, तिथे साधं गुणोत्तर वापरा. एका गिअरमध्ये आरपीएम आणि वेग यांचं नातं कायम असतं. समजा हलक्या पायाने चौथ्यात ६० ला काटा २,००० वर आहे. मग पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन ६६ ला तो २,२०० वरच हवा. २,५०० दाखवत असेल तर वरचे ३०० आरपीएम प्लेटवर उष्णता होऊन जात आहेत. स्पीडोमीटर थोडा पुढे दाखवतो याची काळजी नको, गुणोत्तर तेच राहतं. टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) नसलेल्या गाडीत ओबीडी पोर्टला (गॅरेजवाले स्कॅनर लावतात ते सॉकेट) लावायचा स्वस्त ब्लूटूथ रीडर आणि मोबाइल पुरे. शेजारच्याला आकडे वाचायला सांगा, ड्रायव्हरने रस्ता बघायचा.

हँडब्रेक ओढून, तिसरा टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पडतं का ते पाहण्याची चाचणी सगळीकडे सांगितली जाते. त्या चाचणीवर आमचा फारसा भरवसा नाही. बंद पडलं नाही तर क्लच नक्की घसरतो आहे, पण बंद पडलं म्हणून प्लेट चांगली असं ठरत नाही: आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न देता) इंजिनाचा टॉर्क नगण्य असतो, अर्धमेली प्लेटही तो धरते. केलीच तर एकदाच करा.

दुसरी, सुटण्याची चाचणी. गाडी उभी, इंजिन आयडलला, न्यूट्रल. पेडल तळापर्यंत दाबा, पाच सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. निमूट पडला तर क्लच पूर्ण सुटतो आहे. कर्रकन दात घासले तर सुटत नाही. आता पेडल तीन-चार वेळा पंप करून पुन्हा टाका. या वेळी सहज पडला तर दोष प्लेटचा नसून हायड्रॉलिकचा, म्हणजे पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणाऱ्या ऑइलच्या लाइनचा: लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचं सील गेलं आहे.

तिसरी, धरून ठेवण्याची. समोर मोकळी जागा बघून सपाटीवर पहिला टाका, पेडल तळाला धरा, ब्रेकवरून पाय उचला आणि एक मिनिट थांबा. पेडल तसंच दाबलेलं असताना गाडी हळूच पुढे सरकू लागली तर पेडलकडचा मास्टर किंवा क्लचकडचा स्लेव्ह सिलिंडर आतून दाब सोडतोय. सिग्नलला उभं असताना गिअर अचानक अडकण्याच्या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथेच सापडतं.

चौथी, कान लावून. न्यूट्रलमध्ये, पेडल मोकळं असताना घरघर येते आणि पेडल दाबल्यावर थांबते, तर ती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची. उलट, पेडलला पायाचा भार लागताच चिरचिर किंवा शिट्टी सुरू होते, ती रिलीज बेअरिंगची. हे दोन आवाज उलटे समजून चुकीचं काम करून आलेल्या गाड्या काही कमी नाहीत.

शेवटी थरथर. पहिल्यात आणि मग रिव्हर्समध्ये, अ‍ॅक्सिलरेटर न देता क्लच सावकाश सोडा. गाडी हबके देत उचलत असेल तर प्लेटवर ऑइल, फ्लायव्हीलवर जळके डाग किंवा इंजिन माउंटिंग फाटलेलं, या तिघांपैकी एक. माउंटिंग सर्वात स्वस्त आणि गिअरबॉक्स न उतरवता बघता येतं, म्हणून आधी ते.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी

चांगली प्लेट काढून टाकण्याचं प्रमाण दुर्दैवाने बरंच आहे. गाडी "पिकअप घेत नाही" म्हटलं की क्लच, हे समीकरण पक्कं झालंय. पण आरपीएमच चढत नसेल तर क्लचचा काय संबंध? तुंबलेला एअर फिल्टर, फुटलेला टर्बो होज, जाम ब्रेक कॅलिपर हे सगळे त्या तक्रारीचे धनी आहेत. क्लच घसरतो तेव्हा इंजिन पळतं आणि गाडी राहते. दोन्ही राहत असतील तर दुसरीकडे शोधा.

केबलच्या क्लचमध्ये आधी फ्री प्ले मोजा. पेडलशेजारी पट्टी उभी धरा आणि बोटाने पेडल दाबा. प्रतिकार जाणवेपर्यंत ते जेवढं जातं तो फ्री प्ले. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो १० ते २० मिमी असावा लागतो, आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेटची बोटं बेअरिंगकडे सरकतात, फ्री प्ले कमी होत जातो आणि क्लच "वर येतो". शून्यावर आला की बेअरिंग कायम बोटांना टेकून राहतं, जणू कुणीतरी पेडलवर पाय ठेवून बसलंय. अशा वेळी धडधाकट प्लेटही घसरते. फोर्कच्या (केबलच्या ओढीने रिलीज बेअरिंग रेटणारा दांडा) टोकाचा नट सैल करून फ्री प्ले परत दिला की कधी कधी घसरण तिथल्या तिथे थांबते. दहा मिनिटांचं काम.

याच्या उलट चूक गॅरेजमध्ये रोज होते. क्लच खाली लागतो अशी तक्रार आली की "टाइट करून देतो" म्हणत नट आवळला जातो. फ्री प्ले मेला, पुढे दोन महिन्यांत प्लेट मेली. आणि नट सोडत सोडत आटेच संपले असतील, तर मात्र प्लेट खरोखर संपली आहे. केबलचा जडपणाही वेगळा ओळखावा: फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) निघते तिथे आणि फोर्कच्या टोकाला तारा उसवतात. आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या केबलमध्ये ऑइल सोडू नये, त्याने धूळ चिकटून ती आणखी जड होते.

हायड्रॉलिक क्लच झीज स्वतःच सांभाळून घेतो, म्हणून पेडलची जागा फारशी बदलत नाही. तिथे खूण वेगळी: पेडल वर्षभरात हळूहळू जड होत जाणं. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेटची स्प्रिंग आणखी पसरते आणि तिला उलट रेटायला जास्त जोर लागतो. पेडल अचानक हलकं होऊन तळाला गेलं तर प्लेट नव्हे, गळती. पेडलच्या मागे पायमॅटवर, मास्टर सिलिंडरच्या रबरावर आणि बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणारं गिअरबॉक्सचं आवरण) तळाशी ओल शोधा. ऑइल डॉट ३ की डॉट ४ हे झाकणावरच लिहिलेलं असतं आणि बऱ्याच गाड्यांत ब्रेकशी त्याची टाकी सामाईक असते. ते हवेतलं बाष्प शोषतं, कोकणातल्या पावसाळ्यात तर फारच. दर दोन वर्षांनी बदलावं. त्यात चुकूनही इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंग ऑइल टाकू नये, सगळी रबरं फुगून बसतात.

पावसाळ्यातली आणखी एक गंमत. महिना-दोन महिने दमट पार्किंगमध्ये उभी राहिलेली गाडी सुरू होते, पण कोणताच गिअर पडत नाही. प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटलेली असते. इंजिन गरम करून बंद करा, मोकळ्या मैदानात तिसरा टाका, क्लच तळाला, ब्रेक दाबून धरा आणि स्टार्टरचे छोटे झटके द्या. बहुतेक वेळा टक् असा आवाज येऊन प्लेट सुटते. चार-पाच झटक्यांत नाही सुटली तर हट्ट करू नये.

काम काढायचं ठरलं तर

घसरण एकदा सुरू झाली की उष्णता वाढते, त्याने पकड आणखी कमी होते, त्याने आणखी उष्णता. त्यामुळे "दिवाळीपर्यंत चालवू" हा विचार महागात पडतो: प्लेट तर जाणारच, पण फ्लायव्हीलही निळं पडतं.

सामानात प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट घ्यावा, कंपनीचा किंवा व्हॅलिओ, एक्सेडी, लुक, सॅक्स यांपैकी गाडीला लागू असलेला, मोकळ्या बाजारातून घेतला तर बिलासकट. फक्त प्लेट टाकून चार पैसे वाचवणं हे लाखाच्या पुढच्या गाडीत शुद्ध नुकसान. थकलेली स्प्रिंग नव्या प्लेटला नीट दाबत नाही आणि दीडशे रुपयांचं वाटणारं बेअरिंग सहा महिन्यांनी वाजू लागलं की गिअरबॉक्स पुन्हा खाली. स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या आत, बेअरिंगला जोडलेला असेल तर तोही याच वेळी बदला. खर्च शहर, ब्रँड आणि गॅरेजनुसार हलतो. साधारण अंदाज म्हणून, स्वतंत्र गॅरेजमध्ये छोट्या पेट्रोल हॅचबॅकला मजुरीसकट ८ ते १२ हजार, १.३ डिझेलला १२ ते २० हजार धरून चालावं.

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचं काम जाणता मेस्त्री चार ते सहा तासांत करतो. शेजारी उभं राहायचं असेल तर कशावर लक्ष ठेवावं:

१. बॅटरीची निगेटिव्ह तार काढणे, गिअर ऑइल सोडणे. निघालेल्या ऑइलमध्ये चमचमणारा बारीक चुरा थोडा असतोच. दातांचे तुकडे दिसले तर क्लचपेक्षा मोठा विषय आहे.

२. चाकं, अ‍ॅक्सल, स्टार्टर, गिअर केबल, माउंटिंग सोडणे. त्याआधी इंजिनाला वरून किंवा खालून भक्कम आधार हवाच.

३. गिअरबॉक्स इंजिनापासून सरळ बाहेर ओढून खाली घेणे. काढताना किंवा बसवताना त्याचा भार इनपुट शाफ्टवर लोंबकळत ठेवला तर प्लेटचा मधला भाग वाकतो. नवी प्लेट टाकूनही रिव्हर्स करकरत असेल तर कारण बहुधा हेच.

४. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करत काढणे.

५. फ्लायव्हीलची तपासणी, इंजिनाचं रिअर ऑइल सील आणि गिअरबॉक्सचं इनपुट सील बघणे. कडेला तेलकट काळा थर असेल तर सील आत्ताच बदला. काहीशे रुपयांचं सील राहिलं म्हणून नवी प्लेट भिजते, आणि ऑइल प्यायलेलं लायनिंग पेट्रोलने धुऊन परत कामाला येत नाही.

६. फ्लायव्हीलचा आणि नव्या प्रेशर प्लेटचा पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसणे. नव्या प्लेटवर गंजरोधक ऑइलचा थर असतो, तो बघितल्याशिवाय बसवणारे बरेच. ग्रीसच्या हाताने लायनिंगला बोट लावू देऊ नका.

७. शाफ्टच्या खाचांवर उष्णतारोधक ग्रीस चिमूटभर, प्लेट एकदा सरकवून बाहेर आलेलं पुसून टाकणे. जास्त झालेलं ग्रीस फिरताना उडून लायनिंगवरच जाणार.

८. प्लेटची बाजू तपासणे. बहुतेकांवर फ्लायव्हीलकडची बाजू छापलेली असते. उलटी बसली तर मधला फुगवटा फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो आणि सगळं काम पुन्हा.

९. सेंटरिंगची दांडी घालून प्लेट मध्यावर आणणे, गाइड पिना जागेवर असल्याची खात्री करणे आणि बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळणे. छोट्या गाड्यांत हा टॉर्क २० ते २५ न्यूटनमीटरच्या आसपास असतो. एका बाजूने पूर्ण आवळत गेलं तर कव्हर वाकतं आणि गाडी आयुष्यभर थरथरते.

१०. फोर्कचं टेकण झिजलं आहे का ते बघून गिअरबॉक्स परत चढवणे. शेवटचा इंचभर बोल्ट आवळून ओढून घेण्याची घाई करू नये: तो हाताने बसला पाहिजे. मग नवं गिअर ऑइल, छोट्या गाड्यांत साधारण दोन लिटर, ग्रेड मॅन्युअलप्रमाणे. हायड्रॉलिक असेल तर हवा काढणे.

फ्लायव्हीलबद्दल थोडं जास्त. नख फिरवल्यावर अडकेल अशी चर, निळे-जांभळे डाग किंवा केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसलं तर नुसतं पॉलिश पेपर मारून चालत नाही. डाग असलेली जागा उष्णतेने कडक झालेली असते आणि तिथे प्लेट उड्या मारते. साध्या फ्लायव्हीलला लेथवर फेसिंग करता येतं, मात्र प्रेशर प्लेट बसते ती कडेची पायरी आणि घासणारा पृष्ठभाग दोन्ही सारखेच उतरवायला हवेत. नाहीतर दाब कमी पडतो. भेगा खोल असतील तर नवं. जास्त टॉर्कच्या अनेक डिझेल गाड्यांत दोन भागांचं, आत स्प्रिंग असलेलं ड्युअल मास फ्लायव्हील असतं. इंजिन बंद करताना खडखड, आयडलला खुळखुळाट ही त्याची लक्षणं. ते लेथवर चढवत नाहीत, बदलतात, आणि त्याची एकट्याची किंमत क्लच सेटच्या दुप्पट-तिप्पट असू शकते. असल्या गाडीचं काम काढण्याआधी हा आकडा विचारून ठेवा.

जुनं सामान मागून घ्या

फेकून द्यायच्या आधी ती प्लेट हातात घेऊन उजेडात धरा. दोन्ही बाजू सारख्या झिजलेल्या, रिव्हेट नुकतेच वर आलेले, रंग करडा-तपकिरी: क्लच पूर्ण वय जगून गेला. लायनिंग जाड शिल्लक, पण काळं, चकचकीत, बोट फिरवलं तर काचेसारखं: जाळलेला. लायनिंग शिल्लक आणि ओलसर, रिव्हेटभोवती काळ्या रेघा: ऑइल. मधल्या स्प्रिंगा खुळखुळतात किंवा एखादी निसटली आहे: धक्के देत गिअर उतरवण्याची सवय. प्रेशर प्लेटच्या बोटांची टोकं चमच्यासारखी खोल झिजलेली असतील तर वर्षानुवर्षं कुणाचा तरी डावा पाय पेडलवर विसावलेला होता. गाडी दोघे-तिघे चालवत असतील तर ही बोटं घरात दाखवावीत, वाद मिटतो.

नवा क्लच बसल्यावर

घाटात आणि गर्दीत पाळायचं एवढंच: पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नका, दोन गाड्यांची जागा होऊ द्या, तोवर हँडब्रेक आणि न्यूट्रल. चढावर निघताना हँडब्रेक ओढलेला ठेवा, क्लच पकडू लागला की बोनेट किंचित उचललं जातं, तेव्हा हँडब्रेक सोडा आणि दोन सेकंदांत पाय पेडलवरून पूर्ण बाजूला. एएमटी गाडीतही आत हीच प्लेट आहे, फक्त पेडल मशीन दाबतं. चढावर तिला अ‍ॅक्सिलरेटरने तोलून धरणं म्हणजे तोच अर्धा क्लच. ब्रेक वापरा.

पहिले ५०० ते ८०० किमी लायनिंग आणि फ्लायव्हील एकमेकांना बसण्यात जातात. या काळात भरलेली गाडी घेऊन आंबोली किंवा वरंधा गाठू नका, दुसरी गाडी ओढू नका, आरपीएम चढवून उचलू नका. सुरुवातीचे एक-दोन दिवस हलका वास येतो, तो जातो. पेडल आधीपेक्षा खाली पकडेल, पायाला सवय व्हायला आठवडा लागतो. केबलची गाडी असेल तर १,००० किमीच्या आसपास पट्टी घेऊन फ्री प्ले पुन्हा मोजा. नवं लायनिंग पहिल्या बसणीत थोडं दबतं, आणि तेवढा नट एक फेरा तेव्हाच सैल करावा लागतो.